बघू सकाळी

माझ्या बोक्याला मी मारलं. दोन चमचे एरंडेल पाजून आणि "बघू सकाळी" म्हणून. त्याचं नाव पैलवान. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या तीन गल्ल्यांत त्याच्यापुढं शड्डू ठोकायची कुणाची छाती नव्हती, आणि तो मेला लघवी तुंबून. ज्या घरात मेला त्या घरात पदवीधर माणसं चार आणि मोबाईल सहा.

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पेठेत अजून सगळे मला "बाई" म्हणतात आणि चाळिशीतले बाप्ये माझ्यासमोर हात मागं घेऊन उभे राहतात. तेव्हा आज छडी काढणार आहे. पहिली माझ्याच हातावर बसली आहे, त्यामुळं बाकीच्यांनी तक्रार करायची नाही.

शनिवारी संध्याकाळी पैलवान वाळूच्या घमेल्यात जाऊन बसला. बसला, कुंथला, उठला. पाच मिनिटांत परत बसला. मग न्हाणीत मोरीच्या जाळीवर, मग माझ्या धुतलेल्या चादरीवर. मधेच खाली वाकून चाटायचा आणि एक घोगरा, ओढल्यासारखा आवाज काढायचा. सात वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. पोरांना आयुष्यभर उदाहरणं घातलेल्या बाईला एवढं उदाहरण सुटायला हवं होतं. पण आमच्याकडं आत्याबाई आहेत. वय ८४, घरच्या वैद्यकीय मंडळाच्या तहहयात अध्यक्ष. त्यांनी खाटेवरूनच निदान केलं, "मळ धरलाय त्यानं. एरंडेल पाज, सकाळपतोर मोकळा हुतोय बघ." मी पाजलं. रविवारी त्यानं ते ओकून टाकलं. "आलं बघ, लागू पडलं," आत्याबाई म्हणाल्या. दुपारी तो कॉटखाली जाऊन बसला. मांजराला आजारपणात एकांत लागतो, असं कुणीतरी शहाण्यानं सांगितलं. ती शहाणी मीच.

सोमवारी सकाळी भाजीच्या पिशवीतून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि एकच विचारलं, "बाई, यानं शेवटची लघवी कधी केली?" रोज साठ पोरांची हजेरी घेतलेली मी. उत्तर नव्हतं. मूत्राशय मोसंब्याएवढं झालं होतं आणि दगडासारखं टणक. बोक्याची मूत्रनळी टोकाला इतकी निमुळती असते की बारीक खडे आणि चिकट गाळ साचला की बूच बसल्यासारखी बंद होते. लघवी मागं तुंबते, मूत्रपिंडं हात टेकतात, रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि शेवटी हृदय थांबतं. या सगळ्याला एक-दोन दिवस पुरतात. मी दीड दिवस दिला होता. नळी घालायची तयारी चालू असतानाच टेबलावर त्याचं काळीज थांबलं. शनिवारी रात्री नेला असता तर नळी घालून, सलाईन लावून तो बहुतेक घरी आला असता, हेही डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं. विचारायला नको होतं.

आता तुमच्याकडं वळते.

संध्याकाळी ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी, नागाळा पार्क अशी एक चक्कर मारा. काय एकेक जनावर! सायबेरियातलं हस्की, जे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की जिभेवर जगतं. चपट्या नाकाचा पग, ज्याला मुळातच श्वास घेताना घोरावं लागतं. वासराएवढा ग्रेट डेन. मालकांना विचारा: किंमत तोंडपाठ, कागदपत्रं घरात, बापाला कुठल्या शोमध्ये पदक मिळालं तेही पाठ. वाढदिवसाला केक, केकवर त्याचाच फोटो, आणि तो केक चॉकलेटचा, जो कुत्र्याला विष आहे. मग मी एक साधा प्रश्न विचारते. "याच्या हिरड्यांचा रंग कुठला?" जणू मी त्यांच्या बायकोच्या माहेरचं गोत्र विचारलंय, अशा नजरेनं बघतात.

ओठ वर करायचा आणि बघायचं. याला पैसे पडत नाहीत. हिरडी गुलाबी असावी. बोटानं दाबली की पांढरी पडते, सोडली की दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. ती पांढरीफटक असेल तर आत कुठंतरी रक्त वाहतंय, किंवा गोचीड तापानं रक्त खाल्लंय, किंवा रक्ताभिसरणच ढासळतंय. निळसर असेल तर प्राणवायू पोचत नाही. विटेसारखी लालभडक असेल तर उष्माघात किंवा रक्तात पसरलेला जंतुदोष. ज्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात त्यांची खालची पापणी ओढून आत बघायचं. ही तपासणी जनावर ठणठणीत असताना पन्नास वेळा करून ठेवायची असते, कारण बिघडलेला रंग ओळखायला चांगला रंग डोळ्यांत बसलेला असावा लागतो. पाढे परीक्षेच्या दिवशी पाठ करायचे नसतात, हे मी किती पिढ्यांना सांगितलं!

तसंच श्वासाचं. गाढ झोपलेल्या कुत्र्या-मांजराची छाती मिनिटाला तीसपेक्षा जास्त वेळा वरखाली व्हायला लागली आणि तशीच राहिली, तर काहीतरी बिनसलंय. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर मोजतही बसू नका, पायात चपला घाला. कुत्रं जीभ काढून धापतं ती त्याची घाम गाळायची रीत. मांजराची तशी रीत नाही.

कुणी म्हणेल, बाई, आम्ही काय डॉक्टर आहोत? नाही ना. गंगावेशीतला गवळी तरी कुठं डॉक्टर असतो? दूध कट्ट्यावर रात्री जा, समोर धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात तिथं. त्या माणसाला विचारा, म्हस आजारी आहे हे कसं कळतं? तो बोटं मोजतो: रवंथ थांबला, नाकपुडी कोरडी पडली, कान गार लागला, शेण बदललं, दावणीला उभी राहायची तऱ्हा बदलली. आणि डावी कूस फुगली तर तो "बघू सकाळी" म्हणत नाही. पोटफुगी म्हणजे तासांचा खेळ, हे त्याच्या आज्याला माहीत होतं. तो रात्री दोन वाजता डॉक्टरला गाडीवर घालून आणतो.

आता त्या ग्रेट डेनकडं बघा. त्याचंही पोट फुगतं. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत, म्हणजे डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन यांच्यात, जठर हवेनं फुगून स्वतःभोवती पिळा घेतं. गाठ मारलेल्या पिशवीसारखं दोन्ही तोंडं बंद. कुत्रं ओकायला जातं आणि नुसती लाळ, फेस येतो. बसवत नाही, उभं राहवत नाही, पोट नगाऱ्यासारखं वाजतं. शस्त्रक्रियेशिवाय यातून सुटका नाही आणि तीही काही तासांत. आणि मालक काय करतो? ओवा देतो, हिंग लावतो. गॅस झालाय म्हणे! गॅसच झालाय, दादा. सिलिंडरमध्येही गॅसच असतो.

दूध कट्ट्यावरच्या माणसाची नजर म्हशीवर का असते, याचं उत्तर मला ठाऊक आहे. म्हस मेली तर घर बसतं. तुमचं कुत्रं मेलं तर तुम्ही फोटोला हार घालून स्टेटस ठेवता, आणि श्रावणात नवीन पिल्लू आणता. प्रेम तुमचं जास्त असेल, नजर त्याची जास्त आहे. हे शहर एके काळी शिकारीचे चित्ते पाळणाऱ्या संस्थानाचं होतं. चित्तेवान नावाची माणसंच्या माणसं त्या जनावरांच्या श्वासावर कान ठेवून झोपायची. तिथून आपण केकवरच्या फोटोपर्यंत आलो.

घरगुती औषधांवर मी आता तोंड उघडणार आहे, तेव्हा आत्याबाईंनी हे पान उलटावं.

एक, मिठाचं पाणी. कुत्र्यानं काही विषारी खाल्लं की पहिली आरोळी हीच: "मिठाचं पाणी पाजा, ओकू दे!" मीठ रक्तात चढलं की मेंदूला सूज येते, झटके येतात. म्हणजे उंदराच्या औषधानं मरायला काही दिवस लागले असते, ते तुम्ही मिठानं संध्याकाळवर आणलं. शिवाय पोटात ॲसिड, केरोसिन, फिनेल असलं काही गेलं असेल तर ओकताना ते पुन्हा एकदा घसा भाजत वर येतं. दोन, दूध. "दुधानं विष उतरतं" हे ज्यानं सांगितलं त्याला कुणीतरी दूध विकत असणार. काही विषं तर स्निग्ध पदार्थाबरोबर आणखी पटकन शोषली जातात. पाजायचं काही नाही. विषाचं पाकीट, डबी, उरलेला तुकडा उचलायचा, किती वाजता खाल्लं ते बघायचं आणि निघायचं. उंदीर मारायच्या त्या निळ्या-हिरव्या वड्यांची गंमत ही की पहिले दोन-तीन दिवस कुत्रं ठणठणीत दिसतं. "काही झालं नाही बघा!" मग रक्त गोठायचं थांबतं आणि नाकातून, हिरड्यांतून, पोटात, छातीत ते झिरपायला लागतं. पहिल्याच दिवशी गेलात तर पोट साफ करून आणि के जीवनसत्त्व देऊन बहुतेक जनावरं वाचतात. चौथ्या दिवशी रक्त चढवायची वेळ येते आणि देणारं कुत्रं शोधत फिरावं लागतं.

तीन, कांदा आणि चप्पल. झटका आलेल्या कुत्र्याच्या नाकाला कोल्हापुरी चप्पल लावणारा मी डोळ्यांनी बघितलाय. अस्सल होती, करकरणारी. दुसऱ्यानं दातखीळ सोडवायला चमचा घातला आणि स्वतःच्या बोटाला पाच टाके घेऊन आला. झटका आला की आजूबाजूचं टेबल-खुर्ची सरकवायची, दिवे मंद करायचे, तोंडाजवळ हात न्यायचा नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेला, किंवा एक संपून शुद्धीवर यायच्या आत दुसरा सुरू झाला, तर तसंच उचलून न्यायचं. घड्याळ बघणं हे कुणाच्याच लक्षात येत नाही. डॉक्टरांना सगळे सांगतात, "लई वेळ झालं तडफडत हुतं." लई म्हणजे किती? गणिताच्या पेपरात "लई" लिहून कुणाला मार्क मिळालेत?

चार, जखमेत अळ्या पडल्या की फिनेल. पाच, त्याच जखमेवर डांबरगोळ्यांची पूड. जनावर जखम चाटतं, हे विसरून हे सगळं चालतं, आणि मांजराचं यकृत तर फिनेलसारख्या गोष्टींपुढं अगदीच दुबळं.

आणि सहावं, सगळ्यात सभ्य दिसणारं: तापाची गोळी. मेडिकलमधून आणलेली, माणसाची, पांढरीशुभ्र. कुत्र्याचं अंग माणसापेक्षा मुळातच गरम, १०१ ते १०२ फॅरनहाइट. तुम्ही थर्मामीटर लावता, १०१.५ बघता आणि घाबरून पॅरासिटामॉल देता. म्हणजे निरोगी जनावराला औषध. कुत्र्याचं एखाद्या वेळी निभावतं. मांजराचं निभावत नाही. ते औषध मोडून बाहेर टाकायची यंत्रणाच मांजराच्या यकृतात धड नाही. एका गोळीनं त्याच्या रक्ताचा रंग चहासारखा होतो, रक्त प्राणवायू वाहायचं सोडतं, तोंड सुजतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. यावर उतारा आहे, पण तो घरातल्या डब्यात नाही आणि आत्याबाईंकडंही नाही. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्याही पोटाला भोकं पाडतात आणि मूत्रपिंडं घालवतात. मेडिकलवाल्या भावांनो, "कुत्र्याला ताप हाय, काय तरी द्या" म्हणणाऱ्याला तुम्ही काय तरी देता, म्हणून हा परिच्छेद लांबला.

तांबड्या-पांढऱ्या रश्शाबद्दल बोलले तर मला शहरातून हद्दपार करतील, तरी बोलते. आखाडात घरोघरी मटण शिजतं आणि उरलेली नळी, बरगड्या, कांद्या-लसणाचा रस्सा असं ताट कुत्र्यापुढं जातं. "कोल्हापूरचं कुत्रं हाय, पचवतंय." शिजलेलं हाड ठिसूळ होऊन भाल्यासारखं फुटतं, ते घशात, आतड्यात कुठंही अडकतं, टोचतं, भोक पाडतं. कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आखाडानंतर दवाखान्यांत काय रांगा लागतात ते डॉक्टर लोक हसत सांगतात. ते हसतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत हसू नसतं.

उसाच्या बाजूला राहणाऱ्यांना सापाचं वेगळं सांगायला नको, असं मला वाटायचं. करवीर तालुक्यातल्या माझ्या भाच्याच्या मळ्यात कुत्र्याचं थोबाड एका रात्रीत भोपळ्याएवढं सुजलं. घोणस. कुत्रं नाकानं जग बघतं, म्हणून चावा बहुतेक नाकावर नाही तर पुढच्या पायावर बसतो. थोबाड सुजलेलं असूनही गड्यानं पायाला करकचून सुतळी बांधली, कडुलिंबाचा पाला चारून बघितला, मग मंत्र घालणारा आणला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, माणसाला जी देतात तीच कुत्र्याला देतात. मंत्र घालणाऱ्यानं अडीचशे रुपये घेतले आणि पायरीवर बसून चहा प्याला. आणि शेतावरच्या औषधांचं काय? फोरेटवर, म्हणजे आपल्या थिमेटवर, २०२० च्या डिसेंबरअखेर बंदी आली, पण त्या जातीची बाकी कीटकनाशकं खळ्यात आहेतच. कुत्र्याच्या तोंडाला लाळेच्या तारा, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीएवढ्या, अंगाला थरथर, तर समजा तेच. ॲट्रोपिन वेळेत टोचलं तर जनावर तुमच्या डोळ्यांदेखत माघारी येतं. वेळेत.

उष्माघाताबद्दल चार ओळी, कारण जास्त सांगण्यासारखं काही नाही आणि दरवर्षी तेच होतं. दुपारी बंद गाडीत कुत्रं ठेवून दुकानात जाणारा, भर एप्रिलात बारा वाजता त्याला डांबरावरून पळवणारा, गच्चीत पत्र्याखाली बांधणारा. धाप थांबत नाही, लाळ घट्ट होते, चाल लटपटते. नळाचं साधं पाणी अंगावर ओता, पोटाखाली ओता, पंख्यापुढं धरा, मग लगेच निघा, गाडीच्या काचा उघड्या टाकून. ओल्या जाड टॉवेलात गुंडाळून ठेवू नका. तो थोड्या वेळात गोधडीचं काम करतो.

आता व्यवस्थेकडं येते. सगळा दोष पेठेवर टाकून मोकळी झाले तर शासनाला वाटेल, बाई आपल्याच पक्षातल्या.

या जिल्ह्यात दुभत्या जनावराला डॉक्टर मिळतो. 'गोकुळ' दूध संघ १९६३ पासून उभा आहे, सहकारातून गोठ्यापर्यंत पशुवैद्यक जातो हे या मातीनं करून दाखवलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरतं पशुचिकित्सा पथक बोलावता येतं. तीही मुख्यतः शेतकऱ्याच्या गोठ्याची सोय. पण तिसऱ्या मजल्यावरचा बोका दूध देत नाही, संघाचा सभासद नाही, मतदारही नाही. मोठं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठायचं तर पुण्याच्या रस्त्यावर शिरवळ, पावणेदोनशे किलोमीटरवर. पिळा पडलेलं जठर घेऊन कराड तरी गाठेल का कुत्रं? मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं, लोक तिथल्या दवाखान्याला अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. त्या काळी ट्राम ओढणाऱ्या घोड्याला दवाखाना होता. आज आपल्याकडं हजारोंची कुत्री आहेत, आणि आमच्या गल्लीत मी अकरा घरांत विचारलं, "रात्री दोन वाजता कुठं नेणार?" अकराही घरांनी एकमेकांकडं बघितलं.

डॉक्टरांचीही बाजू सांगते, नाही तर ते मला पुढच्या वेळी दार उघडायचे नाहीत. रात्री फोन बंद ठेवतात म्हणून त्यांना शिव्या घालणाऱ्यांत मीही होते. मग एकाकडं बसून बघितलं. रात्री साडेअकराला फोन: "डॉक्टर, फक्त एक विचारायचं हुतं." मग उलटीचा फोटो. मग "हे सिरीयस हाय का?" मग "किती हुईल?" आणि आकडा सांगितला की "मुक्या जनावरावर काय पैसं घेताय ओ?" मुकं जनावर विकत घेताना पंचवीस हजार मोजले तेव्हा ते बोलत होतं का? शहरातल्या डॉक्टरांनी पाळ्या लावाव्यात, आठवड्यातल्या रात्री वाटून घ्याव्यात, रात्रीचा दर दुप्पट ठेवावा आणि तो दारावर रंगवावा. मी पहिली मोजीन. महापालिकेनं एक खोली, एक ऑक्सिजनचं नळकांडं आणि एक पहारेकरी द्यावा. भटक्या कुत्र्यांवर सभागृहात तासन्‌तास ओरडता येतं, त्यातली पंधरा मिनिटं याला पुरतील.

आणि कायदा? आहे ना. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम. त्याच्या तिसऱ्या कलमानं जनावराच्या सुस्थितीची काळजी घेणं हे पाळणाऱ्याचं कर्तव्य ठरवलंय. अकराव्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत कोल्हापुरात धड मिसळ येत नाही. माझ्या गुन्ह्याला कुणी तेवढाही दंड केला नाही, उलट शेजारणींनी चहा करून आणला.

या जिल्ह्याला जनावराचं प्रेम नाही असं मी म्हटलं तर माझी जीभ झडेल. २०२५ च्या जुलैअखेर नांदणीच्या मठातली हत्तीण माधुरी न्यायालयाच्या आदेशानं गुजरातेतल्या वनतारा प्राणिकेंद्रात गेली, आणि ऑगस्टच्या ३ तारखेला माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालत आली, पंचेचाळीसेक किलोमीटर. मी त्यांना हसत नाही. तिला निरोप देतानाचे व्हिडिओ बघून मीही पदर डोळ्याला लावला. पण ते प्रकरण कोर्टात लढलं गेलं ते तिच्या तळव्यांवरून, नखांवरून, सांध्यांवरून. तो महिनाभर हत्तीच्या नखावर मत नसलेला माणूस मला जिल्ह्यात भेटला नाही. रिक्षावाला बोलत होता, भाजीवाली बोलत होती, आमच्या गल्लीतले आप्पा तर दिवसभर बोलत होते. त्यांच्या पायाशी त्यांची राणी पडलेली असायची. तिच्या नखांत गोचिडी.

राणी लॅब्राडॉर, नऊ वर्षांची, ऑपरेशन न केलेली. "देवानं दिलंय ते कशाला काढायचं," हे आप्पांचं मत. यंदा मार्चमध्ये ती घडाघडा पाणी प्यायला लागली, जेवणाकडं तोंड फिरवायला लागली. "उन्हाळा हाय की ओ," आप्पा म्हणाले. माजावर येऊन किती दिवस झाले, मी विचारलं. बाईमाणसानं हे विचारावं याचा त्यांना संकोच झाला. वहिनींनी आतून सांगितलं, दीड-दोन महिने. माज उतरल्यावर महिन्या-दोन महिन्यांत मादी अशी पाणी पिते आणि मलूल होते, तेव्हा गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यायची असते. कधी खालून घाण जाते, म्हणजे निदान दिसतं तरी. कधी गर्भाशयाचं तोंड बंद राहतं, काहीच जात नाही, आणि ते जास्त वाईट. मी राणीचा ओठ वर केला. हिरडी मळकट लाल. दाबून सोडली, एक, दोन, तीन, तेव्हा कुठं रंग आला. रात्रीचे साडेदहा वाजले होते.

आप्पा म्हणाले, "बघू सकाळी."

मी पेठेत आजवर आवाज चढवला नव्हता, शाळेतला सोडून. त्या रात्री गल्लीतल्या गॅलऱ्यांमध्ये दिवे लागले. आप्पांचा पोरगा दुधाची व्हॅन घेऊन आला, आम्ही राणीला सतरंजीच्या झोळीत घालून कॅनांच्या मधे ठेवलं, आणि मी आधीच वहीत लिहून ठेवलेल्या नंबरांतला तिसरा लागला. डॉक्टर लुंगीवरच खाली आले. सोनोग्राफी केली, आप्पांना पडद्यावर काळे फुगे दाखवले, रक्त घेतलं, सलाईन लावलं आणि पहाटेच्या सुमाराला पोट उघडलं. बाहेर काढलेलं गर्भाशय त्यांनी ट्रेमध्ये आणून दाखवलं; दोन मोठे सॉसेज गाठ मारून ठेवल्यासारखं. पू भरलेलं, पातळ झालेलं. "दुपारपर्यंत फुटलं असतं," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. आप्पांनी पैसे मोजून दिले, न कुरकुरता. हे नोंदवायला हवं.

राणी तिसऱ्या दिवशी घरी आली, पाचव्या दिवशी जेवली. आठवड्यानं मी दूध आणायला निघाले तर कोपऱ्यावरच्या टपरीवर आप्पा उभे, भोवती चारजण, पायाशी पट्टा गुंडाळलेली राणी. आप्पांची माझ्याकडं पाठ होती.

"काय नव्हतं ओ," आप्पा सांगत होते, "जरा पोट बिघडलेलं. बाईच लई घाबरल्या. सकाळी नेली असती तरी चाललं असतं."